सर्पगंधा: आजीचं किती खरं?

वनस्पतींवर पीएचडी करतेय म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे शेवटी आजीचंच खरं ना?" मग मी सर्पगंधेची गोष्ट सांगते.

या छोट्याशा झुडपाची मुळी आपल्याकडे दोन कामांसाठी वापरली जायची. एक, सापाच्या विषावर. दुसरं, झोप न लागणाऱ्या, बेभान झालेल्या माणसाला शांत करायला. बिहारमध्ये तर तिला 'पागल की दवा' असंच म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या मुळीने रक्तदाबही उतरतो. बाहेरच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली, मोजमापं ठेवली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. लवकरच ते मनोरुग्णालयांतही पोचलं.

रेसर्पिन करतं काय? आपल्या चेतापेशी डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं बारीक पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन ही साठवणच बंद पाडतं. साठा संपला की रक्तवाहिन्या सैलावतात, मन शांत होतं. पण काही रुग्णांना नैराश्यही आलं, आणि त्यातूनच नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असेल का, हा विचार पुढे आला. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने सुस्तावलेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हिंडतेफिरते केले; पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली.

या कीर्तीची किंमत झाडाने मोजली. मुळी काढायची म्हणजे अख्खं झाड उपटायचं. जंगलं रिकामी होत गेली आणि १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

मग आजीचं खरं होतं का? झोपेचं आणि शांत करण्याचं, हो. सापाचं, नाही. सर्पगंधेने सर्पदंश बरा होतो याचा पुरावा नाही, आणि आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसं साप चावून मरतात. तेव्हा साप चावला तर मुळी उगाळत बसू नका. तडक दवाखाना गाठा, प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन तिथेच मिळतं.

आजीचा मान ठेवायचा तर तिचं म्हणणं तपासून बघायला हवं. डॉ. वकिलांनी तेच केलं.