त्यूरेन, आंरी द ला तूर दोव्हेर्न्य
(११ सप्टेंबर १६११ – २७ जुलै १६७५). सतराव्या शतकातील थोर फ्रेंच सेनानी. जन्म सेदान येथे, बूईयाँच्या ड्यूकच्या प्रॉटेस्टंट घराण्यात. मातामह विल्यम द सायलेंट यांच्या वंशातील मातुलांच्या हाताखाली नेदर्लंड्समध्ये युद्धशिक्षण घेऊन तो १६३० मध्ये फ्रान्सच्या चाकरीत रुजू झाला आणि तीस वर्षीय युद्धातील पराक्रमामुळे १६४३ मध्ये मार्शलपदास पोचला. फ्राँद बंडाळीत प्रथम बंडखोरांस मिळूनही पुढे राजपक्षाकडे येऊन त्याने बालराजा चौदाव्या लूईचे तख्त सावरले व १६५८ मध्ये डंकर्कनजीक ड्यून्सच्या लढाईत स्पॅनिश फौजेचा पराभव केला. १६६८ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे फ्रान्स-डच युद्धात शत्रू हिवाळी छावण्यांत विसावला असता, व्होज पर्वताच्या आडून ऐन थंडीत दक्षिणेकडे कूच करून, जानेवारी १६७५ मध्ये त्युर्कहाइम येथे विजय मिळवून त्याने अल्सेस मुक्त केला. ही मोहीम त्याच्या युद्धकौशल्याचा परमोत्कर्ष होय. मात्र १६७४ मध्ये पॅलाटिनेट प्रांताची त्याच्या सैन्याने केलेली जाळपोळ त्याच्या कीर्तीस लांच्छनास्पद ठरली. झास्बाख येथे तोफगोळा लागून तो मरण पावला. राजघराण्याच्या दफनभूमीत, सँ-दनी येथे, पुरलेले त्याचे अवशेष नेपोलियनने १८०० मध्ये पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये सन्मानपूर्वक हलविले.