अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी : शय्याव्रण कसे टाळावे?

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड परिसर जंगलाने वेढलेला आहे. अशा ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा मुख्यतः कुटुंबालाच करावी लागते. म्हणून शय्याव्रणाविषयीची ही माहिती आम्ही देत आहोत.

एकाच स्थितीत पडून राहिल्याने हाड व अंथरूण यांमध्ये त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा खुंटतो व जखम होते. माकडहाड, नितंब व टाचा यांना धोका अधिक असतो; हे भाग रोज तपासावेत. बोटाने दाबूनही लाली फिकी होत नसेल, तर ती धोक्याची पहिली सूचना समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊब, कठीणपणा वा काळसर डाग पाहावा.

साधारणतः दर 2 तासांनी कूस बदलावी. रुग्णास ओढू नये, चादरीने उचलावे. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवावी. लाल भागाचे मालीश करू नये. मलमूत्राचा ओलावा त्वरित पुसावा. पथ्य नसल्यास डाळ, अंडी, दूध द्यावे. कातडी फाटल्यास घरगुती लेप न लावता आशाताईंना कळवावे व आरोग्य केंद्र गाठावे.

ही सेवा एकट्या सुनेवर वा आईवर न टाकता सर्वांनी पाळीपाळीने करावी, ही आमची नम्र विनंती.