'रागाच्या भरात'ची कुळकथा

खुनाच्या बातमीत दोन शब्दप्रयोग ठरलेले असतात. 'क्षुल्लक कारणावरून' हा पोलिसांचा आणि 'रागाच्या भरात' हा आरोपीचा. जेवण वेळेवर वाढलं नाही, उसने पैसे परत मागितले, गाडीला गाडी घासली. मग राग अनावर झाला आणि हातून घडून गेलं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. वाचकाला मात्र ती चहाबरोबर सहज पटते, कारण राग सगळ्यांनाच येतो.

पण खुनाचं कारण म्हणून रागाला जी प्रतिष्ठा आहे, ती त्याला कोर्टकचेरीतून मिळाली आहे. १६७१ साली इंग्लंडमध्ये एका नवऱ्याने आपल्या बायकोला परपुरुषाबरोबर पाहिलं आणि हाताशी आलेलं लाकडी स्टूल त्या माणसावर घातलं. माणूस मेला. न्यायाधीशांनी हा खून धरला नाही, त्याहून हलका गुन्हा धरला. शिक्षा होती तळहातावर डाग देण्याची, आणि तोही जरा हलकेच द्यावा असं त्यांनी बजावलं. यापेक्षा मोठी चिथावणी असूच शकत नाही, असं त्यांचं मत पडलं.

पुढे १७०७ मध्ये सरन्यायाधीश होल्ट यांनी अशा क्षम्य रागांची यादीच केली: अंगावर हात टाकणं, मित्रावर हल्ला होताना दिसणं, कुणाला बेकायदा पकडून नेताना पाहणं आणि बायकोला परपुरुषाबरोबर पाहणं. नुसत्या शिव्याशापांना यादीत जागा नव्हती. बायकोने नवऱ्याला पाहिलं तर काय, हा प्रश्न तर कुणाच्या मनातही आला नसावा.

हा माल आपल्याकडे आणला मेकॉलेने. १८३७च्या दंडसंहितेच्या मसुद्यात त्याने एक दुरुस्तीही केली. हिंदुस्थानात शब्द आणि अपमानही जखमेइतकेच झोंबतात, असं त्याचं म्हणणं. उच्चकुलीन राजपुताला जातीबाहेर करणं, घरंदाज बाईच्या झाकलेल्या पालखीत डोकं खुपसणं, असे दाखले त्याने टिपणात दिले. १८६०च्या कायद्यात कलम ३००चा पहिला अपवाद आला: गंभीर आणि अचानक चिथावणीने स्वतःवरचा ताबा सुटून जीव घेतला, तर तो सदोष मनुष्यवध, खून नव्हे.

या अपवादाची महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली परीक्षा २७ एप्रिल १९५९ची. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाने दुपारी प्रेम आहुजा या मित्राबरोबरच्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग जहाजावर जाऊन, रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं सांगून, रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. काडतुसं भरून रिव्हॉल्व्हर खाकी पाकिटात घातलं. आधी आहुजाच्या कचेरीत, तिथे तो नाही म्हणून त्याच्या घरी. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यानंतर गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेला. याचं कारण मात्र ऐकणाऱ्यागणिक बदलत गेलं. खाली अडवणाऱ्या चौकीदाराला त्यांनी सांगितलं की याचे माझ्या बायकोशी संबंध होते, म्हणून भांडण झालं आणि मारलं. कोर्टात सांगितलं ते वेगळं: रिव्हॉल्व्हर स्वतःला संपवण्यासाठी घेतलं होतं, आहुजाने पाकिटाकडे झेप घेतली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या. म्हणजे बचावाचा मुख्य मुद्दा अपघात होता, अनावर संताप हा पर्यायी. पण शहराला संतापच हवा होता. अब्रूदार नवरा आणि रंगेल मित्र हे नाटक लोकांना आधीच पाठ होतं. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. हायकोर्टाने तो कौल फिरवला, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने घड्याळ पुढे केलं. दीड वाजता घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. एवढ्या वेळात माणूस भानावर येतो. जन्मठेप कायम झाली. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, तो भाग वेगळा.

चौकीदाराला एक आणि न्यायाधीशाला दुसरं, याला निव्वळ लबाडी म्हणणं सोपं आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९४० मध्ये मांडलं होतं की 'का केलंस?' असं कुणी अडवून विचारलं की जे उत्तर त्याला पटेल ते आपण हेतू म्हणून देतो, आणि बऱ्याचदा स्वतःलाही. १९५७ मध्ये साइक्स आणि मात्झा यांनी बालगुन्हेगारांविषयी लिहिताना याच्या पुढचं पाऊल टाकलं: 'त्याची तीच लायकी होती' यासारखी समर्थनं कृत्यानंतर सुचत नाहीत, ती आधीपासून मनात असतात आणि म्हणून हात उचलला जातो. मला हे रागाबाबत फार खरं वाटतं. राग खोटा नसतो. पण कुठे सुटलेला चालतो हे त्याला नेमकं ठाऊक असतं. बायकोपुढे अनावर होणारा माणूस साहेबापुढे व्यवस्थित आवरतो.

शिवाय चिथावणीच्या बचावाचा हा कपडा पुरुषाच्या मापाने बेतलेला होता. १९४९च्या एका इंग्लिश निकालाने 'अचानक आणि तात्पुरता' ताबा सुटणं ही व्याख्या पक्की केली होती. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली गावात राहणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षं मारझोड सोसली आणि १९८९ मध्ये एका रात्री झोपलेल्या नवऱ्याला पेट्रोलने पेटवलं. मारानंतर मध्ये वेळ गेला होता, नवरा झोपला होता. यात 'अचानक' कुठे बसवणार? त्यांना जन्मठेप झाली. १९९२ मध्ये अपिलात ती रद्द झाली, पण चिथावणीच्या मुद्द्यावर नव्हे, त्यांच्या नैराश्याच्या वैद्यकीय पुराव्यावर. साचलेल्या संतापाला कोर्टात शब्द नव्हता, आजाराला होता.

इंग्लंडने २००९च्या कायद्याने चिथावणीचा हा जुना बचाव मोडीत काढला. त्याजागी आलेल्या तरतुदीत ताबा अचानकच सुटायला हवा ही अट राहिली नाही, आणि जोडीदाराची बदफैली हे ताबा सुटल्याचं कारण म्हणून धरू नये असं स्पष्ट लिहिलं. होल्ट यांच्या यादीतली चौथी नोंद तीनशे वर्षांनी खोडली गेली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम आता १०१ आहे, आणि त्याचा पहिला अपवाद जवळपास १८६०च्याच शब्दांत आहे.