वेश्याव्यवसाय आणि कायदा: कामाठीपुऱ्यापासून बायण्यापर्यंत

भारतात प्रौढ स्त्रीने स्वतःच्या इच्छेने वेश्याव्यवसाय करणे हा गुन्हा नाही. मात्र कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, गिऱ्हाईक आणून देणे, रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाइकाला खुणावणे आणि त्या कमाईवर दुसऱ्या प्रौढ माणसाने जगणे हे गुन्हे आहेत. ही विसंगत रचना दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडली. मुंबई, सांगली आणि गोवा येथील वस्त्यांच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते.

ब्रिटिश सरकारने या व्यवसायात पहिल्यांदा लक्ष घातले ते सैनिकांच्या आरोग्यासाठी. छावण्यांमधील गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी १८६४ मध्ये छावणी कायदा आणि १८६८ मध्ये सांसर्गिक रोग कायदा झाला. वेश्यांनी नाव नोंदवायचे, ठरलेल्या दिवशी सक्तीची शारीरिक तपासणी करून घ्यायची आणि रोग आढळल्यास खास रुग्णालयात राहायचे, असा नियम होता. गिऱ्हाइकाची तपासणी मात्र कोणी करत नव्हते. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत थांबला आणि १८८० मध्ये पुन्हा आला. तपासणीचा अपमान टाळण्यासाठी अनेक स्त्रिया नोंदणी चुकवत, जागा बदलत. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या चळवळीने असे कायदे स्त्रीविरोधी ठरवले आणि १८८८ मध्ये भारतातही तो मागे घेण्यात आला.

याच काळात कामाठीपुऱ्याची ओळख पक्की झाली. तेलंगणातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांवरून या भागाला नाव मिळाले होते. गिरण्या, गोदी आणि बंदर यांमुळे कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषांची संख्या वाढली, तसा आसपासच्या गल्ल्यांत व्यवसायही वाढला. कर्सेटजी सुखलाजी मार्गावर युरोपीय स्त्रिया राहत, म्हणून ती सफेद गल्ली झाली. डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद मार्गावर, आणि फॉकलंड रोडवर देशी स्त्रियांचे कुंटणखाने होते. रस्त्याकडेच्या गजाआडच्या खोल्यांना लोक पिंजरे म्हणत. शहराच्या एका कोपऱ्यात हे चालू द्यावे आणि त्यावर नजर ठेवावी, असे पोलिसांचे धोरण होते.

त्या धोरणाचा खरा अर्थ १९१७ मध्ये उघड झाला. डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यातून अकूताई नावाच्या स्त्रीने पळून जाण्याचा प्रयत्न केला. ती पकडली गेली आणि मालकांच्या मारहाणीत तिचा जीव गेला. खटल्यात तिच्याबरोबरच्या स्त्रियांनी साक्षी दिल्या. कुलूपबंद दारे, न फिटणारे कर्ज, आजारपणातही गिऱ्हाईक घेण्याची सक्ती आणि रोजची मारझोड हे सगळे त्यांच्या तोंडून न्यायालयात आले. पोलिसांना ही घरे माहीत होती, पण आतल्या बाईला त्यांचा आधार नव्हता. या खटल्याने शहर हादरले. सुधारकांचा आणि स्त्रीसंघटनांचा दबाव वाढला आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. त्यात दलाली आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे गुन्हा ठरले. पुढच्या दुरुस्त्यांत कुंटणखानेही कक्षेत आले. एका बाईच्या खुनातून आलेल्या या कायद्याने रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईलाही आरोपी केले.

मुरळी आणि देवदासी प्रथांचा प्रश्न याच्याशी जोडलेला होता. देवाला सोडलेल्या दलित मुली महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत येत. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. महाराष्ट्राने २००५ मध्ये नवा कायदा केला. बंदीने समर्पण कमी झाले, पण त्यामागची जात आणि गरिबी तेवढ्याने हटली नाही.

स्वातंत्र्यानंतर भारताने मानवी व्यापारविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९५० मध्ये सही केली. त्यानुसार १९५६ चा कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो अनैतिक व्यापार (प्रतिबंधक) कायदा, म्हणजे 'पिटा', म्हणून ओळखला जातो. त्याचा तपशील बोलका आहे. दोन स्त्रिया एकमेकींच्या फायद्यासाठी एका खोलीतून व्यवसाय करत असतील, तर ती खोली कुंटणखाना ठरते. देऊळ, शाळा, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करता येत नाही. दाट शहरात ही अट पाळता येईल अशी जागा सापडणे कठीण. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल स्त्रीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच गुन्ह्यासाठी पुरुषाला सात दिवस ते तीन महिने. आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा अठरा वर्षांचा झाला की तोही संशयाच्या फेऱ्यात येतो.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि या वस्त्यांकडे पुन्हा आरोग्याच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. पण या वेळी काही ठिकाणी स्त्रियांनाच कामात भागीदार करण्यात आले. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन झाली. गोकुळनगरसारख्या वस्त्यांतील स्त्रिया निरोध वाटू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या आणि पोलीस ठाण्यात एकत्र जाऊ लागल्या. मात्र रेड पडली की त्यांच्याजवळचे निरोध पोलिसांसाठी गुन्ह्याचा पुरावा होत.

१९९६ मध्येच मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशाने मोठी छापेमारी झाली. चारशेहून अधिक मुली सोडवण्यात आल्या. त्यांत नेपाळहून फसवून आणलेल्या बऱ्याच होत्या. अल्पवयीन मुलींची सुटका आवश्यकच होती. पण सुधारगृहे अपुरी पडली, मुली महिनोन्‌महिने तिथे अडकल्या आणि नेपाळी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर त्यांतल्या शंभरावर मुली मायदेशी परतल्या.

गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, पाडण्यात आली. आंध्र आणि कर्नाटकातून आलेल्या स्त्रियांबरोबर तिथले दुकानदार, भाडेकरू आणि शाळेत जाणारी मुलेही बेघर झाली. पुनर्वसनाची पुरेशी व्यवस्था नव्हती. व्यवसाय संपला नाही. तो लॉज, बार आणि भाड्याच्या खोल्यांत पांगला. आरोग्यसेविकांना जी बाई एका गल्लीत भेटत होती, ती आता सापडेना.

या अनुभवांवर गुन्हेमुक्तीचा वाद उभा आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की जात, गरिबी आणि फसवणूक यांतून आलेल्या स्त्रीची संमती खरी मानता येत नाही आणि निर्बंध उठले तर दलालाचे फावेल. अनेक दलित स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला आहे. स्वीडनने १९९९ मध्ये विकणाऱ्या स्त्रीला वगळून गिऱ्हाइकाला शिक्षा करणारा कायदा केला, तो याच विचारातून. दुसरी बाजू म्हणते, की गिऱ्हाईक घाबरले की सौदा आडोशाला जातो आणि धोका बाईचाच वाढतो. न्यूझीलंडने २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ मतांनी व्यवसाय गुन्हेमुक्त केला. २००८ च्या अधिकृत आढाव्यात व्यवसाय करणाऱ्यांची संख्या वाढल्याचे दिसले नाही आणि गिऱ्हाइकाला नकार देणे स्त्रियांना अधिक शक्य झाल्याचे आढळले. भारतातील संघटनाही परवाने मागत नाहीत. परवाना म्हणजे पुन्हा नोंदणी, पुन्हा तपासणी, म्हणजेच १८६८. त्यांची मागणी आहे ती प्रौढ स्त्रीवरचा गुन्ह्याचा शिक्का काढण्याची.

न्यायालयांची भाषाही बदलली आहे. कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका वेश्येच्या खुनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले आणि त्याच प्रकरणाचे जनहित याचिकेत रूपांतर केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ तरुणींची सुटका केली आणि आपला व्यवसाय निवडण्याचा प्रौढ स्त्रीचा हक्क मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे सांगून निरोध पुरावा म्हणून वापरू नयेत आणि पत्त्याच्या दाखल्याविना आधार कार्ड द्यावे, असे निर्देश दिले. केंद्र सरकारने हरकत घेतलेल्या काही शिफारशी मात्र बाजूला राहिल्या आणि १९५६ चा कायदा तसाच आहे.

अल्पवयीन मुलींचा व्यापार आणि जबरदस्ती यांना कठोर शिक्षा हवी, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने पुरेसे स्पष्ट दिले आहे. तपासणी, बंदी, छापा आणि बुलडोझर या चारही उपायांनी व्यवसाय थांबला नाही. प्रत्येक वेळी तो हलला आणि हलताना बाई अधिक एकटी पडली. मारहाण झाली तर अटकेच्या भीतीशिवाय पोलीस ठाण्याची पायरी चढता येणे, ही अकूताईला न मिळालेली गोष्ट आहे. कायद्यातील कोणताही बदल याच कसोटीवर तपासला पाहिजे.