हिवाळी नगरीचे रंग : मर्ढेकरांची माघातली मुंबई

आपल्या ऋतुवर्णनाच्या परंपरेत हिवाळा उपेक्षित नाही. मात्र त्याचे रंग फारसे कोणी पाहिलेले नाहीत. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त शिशिराला स्वतंत्र सर्ग आहे. पण तो शिशिर मिटलेल्या गवाक्षांआडचा, अग्नी आणि जाड वस्त्रांच्या उबेतला आहे. तो स्पर्शाचा ऋतू आहे, दृष्टीचा नव्हे. आधुनिक मराठी कवितेत रंगांचा उत्सव मांडला तो बालकवींनी (१८९०–१९१८). पण तो श्रावणाचा आणि रानावनाचा. हिवाळा आणि शहर ही दोन्ही या रंगविश्वाच्या बाहेरच राहिली.

बालकवींप्रमाणेच खानदेशात जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) या दोहोंना एकत्र आणले. मुंबई बंदरावरील माघातल्या पहाटेची त्यांची कविता सर्वपरिचित आहे. तिच्यातील स्नात गर्भवतीच्या प्रतिमेविषयी पुष्कळ लिहिले गेले; तिच्या रंगयोजनेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

हे रंग कोणते? गवळ्यांच्या कावडीतील हंड्यांचा पिवळा. काळी हवा शोषणाऱ्या झाडांचा हिरवा. धक्क्यावर झोपलेल्या परदेशी बोटींचे गंजलेले पांढरे, काळे व नारिंगी. डांबरी रस्त्यावरील शांततेचा भुरा. यांतील जवळजवळ एकही रंग ऋतूने दिलेला नाही. पिवळा धातूचा आहे, नारिंगी जहाजाच्या लेपाचा व गंजाचा, काळा धुराचा. श्रावणात निसर्ग रंगवतो. या माघात रंग श्रमाचे आणि व्यापाराचे आहेत. हिवाळ्याने दिला आहे तो फक्त विरळ, थंड प्रकाश, ज्यात हे रंग क्षणभर स्वच्छ दिसतात.

चित्रकलेतही अशी दृष्टी अनोळखी नव्हती. कामीय पिसारो यांनी १८९७ साली पॅरिसमधील एका हॉटेलच्या खिडकीतून एकाच हमरस्त्याची निरनिराळ्या प्रहरांतील चित्रे काढली. त्यांत हिवाळ्यातील सकाळही आहे. मुंबईत सैयद हैदर रझा १९४०च्या दशकात शहराची दृश्ये जलरंगांत रंगवीत होते. येथे प्रभावाचा दावा करावयाचा नाही. शहर हेच निसर्गदृश्य मानण्याची तयारी त्या काळाच्या जाणिवेत होती, एवढेच नोंदवावयाचे आहे.

खरा प्रश्न मर्ढेकरांच्याच सौंदर्यशास्त्राने उभा केला आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीचे सौंदर्य उभे केले. चित्रातील वस्तू कशाची आहे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने सौंदर्यबाह्य होता. या कवितेतील पिवळा आणि काळा, नारिंगी आणि भुरा यांची रचना या तत्त्वांनी सहज उलगडते. पण तेवढ्याने कविता संपते काय? हंड्याचा पिवळेपणा, तो वाहणाऱ्या गवळ्याची ओझ्याने वाकलेली मान वगळून, वेगळा काढता येत नाही. बोटींचे रंग त्यांच्या परकेपणापासून सुटत नाहीत. साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ होय, असे मर्ढेकरांनी स्वतःच म्हटले होते. तो अर्थ येथे इतिहासातून आलेला आहे.

म्हणूनच कवितेच्या अखेरीस, शांततेच्या पोटात दडलेल्या प्रचंड धांदलीची चाहूल लागते तेव्हा, ती बाहेरून आल्यासारखी वाटत नाही. ती प्रत्येक रंगात आधीपासूनच आहे. गर्भवतीच्या प्रतिमेचे औचित्यही येथेच उमगते : जे जन्माला येणार आहे, त्याचेच तेज या पहाटेवर आहे.

रूपवादी समीक्षेने या कवितेची रचना दाखविली; समाजलक्ष्यी समीक्षेला तिच्यात महानगर सापडेल. परंतु रंग हे जर घटकही असतील आणि घटनाही, तर हे दोन मार्ग वेगळे ठेवण्याचे कारण उरत नाही. मर्ढेकरांची कविता त्यांच्या सिद्धांताला खोटे पाडीत नाही; ती त्याच्या पुढे जाते. सिद्धांत जेथे थांबला, तेथून तिचे वाचन सुरू झाले पाहिजे.