अमुंडसेनचे बूट आणि गाळलेलं भांडण

संशोधनाचा विषय केवढा असावा, असं बरेच जण विचारतात. कधी कधी बुटाएवढाही चालतो.

रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. श्रेय कुत्र्यांना आणि स्कीला दिलं जातं, ते बरोबरच आहे. पण स्की पायाला नीट बांधायची तर बुटाचा सोल कडक लागतो, नाहीतर बाइंडिंगची पकड बसत नाही. आणि कडक, घट्ट बुटात मोज्यांचे थर मावत नाहीत, रक्त खेळत नाही, पाय गोठतो. दोन्ही एकाच बुटात कसं जमवायचं? अंटार्क्टिकातल्या हिवाळ्यात फ्रामहाइमच्या झोपडीत ही मंडळी बूट उसवून, सैल करून पुन्हा शिवत होती.

तरी ८ सप्टेंबरला घाईने निघाले. पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला, परत फिरावं लागलं. काहींच्या टाचा गोठल्या होत्या. परतताना अमुंडसेन पुढे निघून गेला. मागे पडलेल्या प्रेस्ट्रुडला योहानसेनने सांभाळून आणलं आणि मग सगळ्यांसमोर नेत्याला सुनावलं. त्यापायी त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं गेलं. बूट पुन्हा उसवले गेले.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). अमुंडसेनच्या १९१२ च्या पुस्तकात बुटांची दुरुस्ती येते, हे भांडण येत नाही. ते डायऱ्यांमध्ये सापडतं. म्हणून छापील वृत्तांत वाचताना मी त्या टाचांपाशी थांबते: कोणाच्या गोठल्या, आणि तेव्हा सोबत कोण होतं?