शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या

गोव्यातील जुनी घरे, चर्च व मठ यांतील लाकडी खिडक्यांचा एक पारंपरिक प्रकार. या खिडक्यांच्या झडपांत काचेऐवजी प्लॅक्यूना प्लॅसेंटा या सागरी शिंपल्याचे चपटे, पारभासी तुकडे बसविलेले असतात. पोर्तुगीज अंमलात (१५१०—१९६१) हा प्रकार तेथे रूढ झाला. जुने गोवे येथील से कॅथीड्रल हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्या काळी काच महाग होती. शिंपला मात्र झुआरी नदीच्या मुखाकडील चिखलट तळावर मिळे. कडा छाटून त्याचे चौकोनी तुकडे करीत व ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवीत. त्यांतून सौम्य प्रकाश येई व उन्हाची तिरीप अडे. पुढे काच सुलभ झाली आणि हे कसब मागे पडले.

जुने गोवे येथील चर्च व मठ यांचा १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लाकूडकामाच्या जतनात कुजलेला भाग तेवढाच काढून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देतात व उरलेली चौकट तशीच राखतात. शिंपल्याच्या बाबतीत असा पर्याय सहज मिळत नाही. हा जीव वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये समाविष्ट झाला. त्यामुळे वास्तूच्या रक्षणासाठी जीवजातीची हानी करणे उचित ठरत नाही. दुरुस्तीसाठी मुख्य आधार उरतो तो पाडलेल्या घरांतील जुन्या तावदानांचा. म्हणून टाकाऊ ठरलेली झडपही जपून उतरविणे अगत्याचे असते.